शेवटचा तास

२०२५ च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कामाच्या तासांबद्दलच्या दोन कायद्यांत बदल करायला मंजुरी दिली. कारखान्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती ती बारापर्यंत नेता येणार, दुकानं आणि कचेऱ्यांत नऊचे दहा होणार. कारखान्यांत तिमाहीला ११५ तास ओव्हरटाइम घेता येत होता, तो आता १४४ तास. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, पैसे दुप्पट दराने मिळतील, असंही सरकारने सांगितलं. कारणं ओळखीची होती: गुंतवणूक, रोजगार, स्पर्धा. अनंत चतुर्दशी तोंडावर होती. बातमी दोन दिवस फिरली आणि विसर्जनाच्या गर्दीत विरून गेली.

आमच्या घरात बारा हा आकडा जुना आहे. पणजोबा रत्नागिरीकडून आगबोटीने मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत लागले तेव्हा दिवस बारा तासांचा होता, आणि तोसुद्धा १९११ च्या कायद्याने खाली आणलेला. १९२२ साली तो अकरा तासांवर आला, १९३४ साली दहावर, १९४६ साली आठवड्याची मर्यादा ४८ तास झाली. यातले शेवटचे दोन टप्पे आजोबांनी स्वतः अनुभवले. विणाई खात्यात मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलत. पण "साडेतीनला पाळी सुटायची" हे वाक्य मात्र ते वेगळ्याच आवाजात म्हणत. साडेतीननंतरचा दिवस त्यांचा होता. त्या वेळात ते चाळीच्या भजनी मंडळात पखवाज शिकले, रात्रशाळेत जाऊन सही करण्यापलीकडचं लिहायला शिकले. त्यांच्या वडिलांना यातलं काहीच करता आलं नव्हतं, कारण ते घरी यायचे ते जेवून झोपण्यापुरते.

हे तास कमी झाले ते यंत्रं सुधारली म्हणून, असा समज आपल्या मनात शाळेपासून असतो. वाफेचं इंजिन आलं, वीज आली, माणसाचे कष्ट हलके झाले. मला हा समज मुळातून चुकीचा वाटतो आणि आजच्या घडीला तो घातकही आहे. औद्योगिक युगातल्या मोठ्या शोधांनी कामगाराचा दिवस आधी लांबवला. तो आखूड केला कायद्याने, आणि कायदा करायला भाग पाडलं माणसांनी. एकही तास कमी केला तर धंदा बुडेल, असं पुन्हा पुन्हा अर्थशास्त्राच्या भाषेत सांगण्यात आलं. तास कमी झाले आणि धंदा बुडाला नाही. आता तेच तास परत मागितले जात आहेत, आणि मागणाऱ्यांची भाषाही बदललेली नाही.

अठराव्या शतकातला इंग्लंडमधला हातमागवाला सुखात होता असं मी म्हणणार नाही. बायकापोरं सूत कातत तेव्हा कुठे हातातोंडाची गाठ पडे. पण आज किती विणायचं आणि कधी थांबायचं हे तो ठरवत असे. सोमवारी काम न करण्याची तर रीतच होती, मग आठवड्याच्या अखेरीला रात्री जागून ठाण पुरं करायचं. रिचर्ड आर्कराइटने १७६९ साली पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ साली डर्बीशरमधल्या क्रॉमफर्डला गिरणी उभी केली. ती रात्रंदिवस चाले, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत. कारण साधं होतं. घरातला माग एक दिवस बंद राहिला तर विणकराचं फारसं बिघडत नाही. गिरणीत मात्र इमारत, पाणचक्की आणि यंत्रं यांत पैसा अडकलेला असतो आणि त्याचं व्याज रात्रीही चढतं. शिवाय उद्या कुणी याहून चांगलं यंत्र काढलं तर आजचं भंगारात जाणार, तेव्हा आहे तोवर त्यातून काढता येईल तेवढं काढा. यंत्र जितकं महाग, तितका त्याच्यापुढे उभ्या माणसाचा दिवस लांब.

दिव्याचंही तसंच झालं. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येतं. मेणबत्त्या लावून काम करणं खर्चाचं आणि कापसाजवळ जोखमीचं. १८०५ च्या सुमाराला सॅल्फर्डमध्ये फिलिप्स आणि ली यांच्या गिरणीत गॅसचे दिवे लागले, ते बसवले बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीने, म्हणजे ज्यांनी वाफेचं इंजिन गावोगावी नेलं त्यांनीच. सूर्य मावळला की काम थांबतं, हा शेतकरी आणि कारागीर यांना हजारो वर्षं मिळालेला आसरा त्या दिव्यांनी काढून घेतला. अमेरिकेत याहून भयंकर घडलं. एली व्हिटनीने १७९३ साली कापसातली सरकी झटपट काढणारं यंत्र बनवलं. हाताने होणारं किचकट काम वाचलं, म्हणजे राबणारे हात कमी लागायला हवे होते. झालं उलटं. सरकी काढणं स्वस्त झाल्यामुळे कापसाची लागवड दक्षिणेत भराभर पसरली आणि वेचणीला माणसं हवी झाली. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० साली जवळपास ४० लाख. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिल काही यंत्रांचा शत्रू नव्हता, पण १८४८ साली त्यानेही शंका नोंदवली की आजवरच्या यांत्रिक शोधांनी एकाही माणसाचे दिवसाचे कष्ट हलके केले आहेत की नाहीत.

आता त्या शेवटच्या तासाकडे येतो. १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये दहा तासांच्या दिवसाची चळवळ जोरात होती. १८३७ साली नॅसॉ सीनियर यांनी गिरण्यांच्या कायद्याविरुद्ध पत्रं लिहून प्रसिद्ध केली. सीनियर म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे, ऑक्सफर्डमधले अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांनी मांडलेला हिशोब असा: गिरणी साडेअकरा तास चालते. पहिल्या दहा तासांत घातलेलं भांडवल परत येतं. पुढच्या अर्ध्या तासात यंत्रांची आणि इमारतीची झीज भरून निघते. निव्वळ नफा होतो तो शेवटच्या एका तासात. तेव्हा दिवस तासाभराने कमी केलात तर नफा शून्य, दीड तासाने केलात तर झीजही भरून निघणार नाही.

आकडे मांडले की माणूस दबतो. पण हा हिशोब साधा चुकलेला होता. वीस डबे करणाऱ्या बाईने म्हणावं की पहिले अठरा डबे वाणसामानाचे पैसे फेडतात आणि माझी कमाई फक्त शेवटच्या दोन डब्यांत आहे, दोन डबे कमी केले तर मी उपाशी मरेन. अहो, अठराच डबे करायचे असतील तर तांदूळही अठरांचाच धुवाल ना? गिरणी एक तास कमी चालली तर कापूस कमी लागतो, कोळसाही कमी जळतो. नफा दिवसाच्या प्रत्येक तासात थोडा थोडा मुरलेला असतो, तो शेवटच्या तासात गोळा होऊन बसत नाही. इमारतीसारखा बांधील खर्च तेवढाच राहतो हे खरं, त्यामुळे नफ्याला थोडी झळ लागते. थोडी झळ लागणं आणि नफा नाहीसा होणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरात लाखो मुलांचं बालपण अडकलेलं होतं.

शिवाय थकलेल्या माणसाचा तास आणि ताज्या माणसाचा तास सारखा नसतो, ही गोष्ट त्या हिशोबात कुठेच नव्हती. प्रेस्टनच्या रॉबर्ट गार्डनर या गिरणीमालकाने १८४४ साली स्वतःहून बाराचे अकरा तास केले. लिओनार्ड हॉर्नर हे सरकारी निरीक्षक होते, त्यांनी पाहिलं तर अकरा तासांतही माल तेवढाच निघत होता. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कला गिरणीमालक रॉबर्ट ओवेनने त्याआधीच साडेदहा तासांवर गिरणी चालवली होती, दहा वर्षांखालच्या मुलांना कामावरून काढून शाळेत बसवलं होतं, आणि तरी त्याचा धंदा फायद्यात होता. अखेर १८४७ साली दहा तासांचा कायदा झाला. तो मांडणारे जॉन फील्डन स्वतः टॉडमॉर्डनचे मोठे गिरणीमालक होते आणि लहानपणी वडिलांच्या गिरणीत राबलेले होते. कायदा बायकांना आणि १३ ते १८ वयाच्या मुलामुलींना लागू होता, पण त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषांचाही दिवस आखूड झाला. मालकांनी पाळ्या आलटून-पालटून पळवाट काढली, ती १८५० च्या कायद्याने साडेदहा तास ठरवून बुजवली. मग लँकेशायर हा इंग्लंडमधला गिरण्यांचा मुलूख बुडाला का? १८५० ते १८६० या दहा वर्षांत ब्रिटिश गिरण्यांनी वापरलेला कापूस जवळपास दुप्पट झाला. हे सगळं कायद्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. बाजार वाढत होता, यंत्रं सुधारत होती. पण नफा शून्य होईल हे भाकीत साफ खोटं ठरलं.

पुढेही वारंवार हेच दिसलं. सॅल्फर्डच्या लोखंडकामाच्या कारखान्यात विल्यम मॅथर यांनी १८९३ साली आठवड्याचे ५३ तासांवरून ४८ केले. वर्षभर नोंदी ठेवल्या, उत्पादन घटलं नाही, आणि १८९४ साली ब्रिटिश सरकारने स्वतःच्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत आणि गोद्यांत ४८ तास लागू केले. जर्मनीत येना इथे झाइसच्या कारखान्यात भिंगं घासणाऱ्या कारागिरांचा दिवस १९०० साली नऊ तासांवरून आठवर आणला गेला. कारखान्याचे प्रमुख अर्न्स्ट आबे यांनी प्रत्येकाच्या कामाचा हिशोब ठेवला होता. दिवसाचं काम तीनेक टक्क्यांनी वाढलेलं निघालं. ही माहिती सव्वाशे वर्षं जुनी आहे. बारा तासांच्या दिवसाने उत्पादन वाढेल असं आज ज्यांना वाटतं, त्यांनी निदान एवढी वही उघडून पाहावी.

मुंबईची गोष्ट मात्र सरळ नाही, आणि मला त्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं.

कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ पासून ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली. सुरुवातीची बरीच वर्षं गिरणीचा दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त. उन्हाळ्यात तेरा तास भरत. आठवड्याची सुट्टी नव्हती. सण आला तर गिरणी बंद, आणि बंदच्या दिवशीही अर्धा दिवस यंत्रं पुसायला यायचं. सात-आठ वर्षांची पोरं सर्रास कामाला होती. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशी समिती नेमली, तिच्यातल्या बहुसंख्यांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी ती बाब लावून धरली.

यात लँकेशायरमधलं गिरण्यांचं मोठं शहर मँचेस्टर उतरलं. मुंबईचं स्वस्त सूत लँकेशायरच्या मालाला टक्कर देऊ लागलं होतं, म्हणून हिंदुस्थानातल्या कामगारांच्या हालांचा कळवळा तिथल्या मालकांना अचानक आला. आपल्याकडच्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. हा कायदा नसून देशी धंद्याच्या गळ्याला लावलेला फास आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो संशय पोकळ नव्हता. याच लँकेशायरच्या दबावाखाली पुढे १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला आणि तो जवळजवळ तीस वर्षं राहिला. मँचेस्टरचा हेतू शुद्ध नव्हता याबद्दल मला जराही शंका नाही. पण हेतू अशुद्ध म्हणून मागणी खोटी ठरते का? सात वर्षांचं पोर तेरा तास उभं आहे, ही गोष्ट मँचेस्टरवाल्याने बोट दाखवलं म्हणून खोटी होत नाही. स्वराज्याच्या बाजूची माणसं इथे चुकली. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे म्हणूनच हे स्पष्ट म्हणतो.

१८८१ चा पहिला कायदा अगदीच तुटपुंजा होता. सात वर्षांखालची मुलं नकोत, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास, त्यांना महिन्यात चार सुट्ट्या. मोठ्या माणसांबद्दल, बायकांबद्दल एक अक्षर नाही.

ज्यांनी मँचेस्टर आणि मुंबईचे मालक या दोघांच्याही पलीकडे पाहिलं ते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले. १८८० पासून 'दीनबंधु' हे पत्र ते मुंबईतून चालवत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी गलबलून येतं, इतक्या त्या साध्या आहेत: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. यातली एकही मागणी लँकेशायरच्या फायद्या-तोट्यातून आलेली नव्हती. रविवार हा साहेबाच्या चर्चचा वार असेल, पण घाटावरून आलेल्या कामगारासाठी तो खंडोबाचाही वार होता.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषण केलं. १८९० साली, दहा हजारांसमोर, गिरणीतल्या बाईने उभं राहून बोलणं केवढ्या धैर्याचं असेल! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायदा सुधारला, बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचं किमान वय नऊ झालं. त्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या कामात लोखंड्यांचाही सहभाग होता. १८९७ च्या प्लेगात ते गेले. आज रविवारी उशिरा उठून चहा पिणाऱ्या किती घरांत त्यांचं नाव माहीत आहे?

आणि मग दिवा आला. विजेचा दिवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांमध्ये वीज पसरू लागली. तोवर गिरणीला सूर्याची मर्यादा होती, कायद्याने पुरुषांना दिलेली नव्हती. बल्ब लागला तशी ती मर्यादा गेली. १९०५ साली मालाला उठाव होता आणि कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. सॅल्फर्डमध्ये गॅसच्या दिव्याने जे केलं तेच शंभर वर्षांनी परळमध्ये विजेच्या दिव्याने केलं. कामगार खवळले, कामं बंद पडली, आयोग नेमले गेले, आणि १९११ साली पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा पहिल्यांदा लिहिली गेली. माझ्या पणजोबांचे बारा तास ते हे.

त्याच काळातली आणखी एक हकिकत. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटं मागे होती. कागदावर घड्याळाचे काटे पुढे सरकले, बाकी काही नाही. पण गिरणीत त्याचा अर्थ असा झाला की पहाटे आणखी ३९ मिनिटं लवकर, अंधारात, उठून यायचं. त्याच जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी यावरून काम बंद पाडलं, दगडफेकही झाली. शहाण्यासुरत्यांना ते अडाणीपणाचं वाटलं असणार, घड्याळावर कसला राग. मला तो शहाणपणाचा राग वाटतो. आपल्या झोपेतली ३९ मिनिटं कुणीतरी न विचारता उचलली, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

आता आजच्या बदलाच्या बाजूने जे म्हटलं जातं त्याचं उत्तर देणं भाग आहे.

पहिलं, संमती. कामगार राजी असेल तर सरकारने मध्ये का यावं? हा प्रश्न इंग्लंडमध्ये १८३३ सालीही असाच विचारला गेला होता. प्रौढ पुरुष स्वतंत्र आहे, त्याने किती तास राबावं हे त्याचं तो ठरवेल, म्हणून त्या वर्षीच्या कायद्याने फक्त मुलं आणि तरुण यांच्यापुरतं बोलायचं ठरवलं. मायकेल सॅडलर यांनी पार्लमेंटमध्ये वर्षभर आधीच सांगितलं होतं की मालक आणि मजूर सौद्याला बसतात तेव्हा ते बरोबरीने बसत नाहीत. भिवंडीच्या गोदामात किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी मजूर आहे, त्याचं कंत्राट काही महिन्यांत संपणार आहे, आणि सुपरवायझरने त्याच्यापुढे संमतीचा कागद ठेवला आहे. तो सही करणार नाही असं कुणाला खरंच वाटतं? न करणाऱ्याला पुढच्या महिन्यात बोलावणंच आलं नाही, तर ते कोणत्या कलमाखाली सिद्ध करायचं?

दुसरं, कामगारालाच ओव्हरटाइम हवा असतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही. माझे वडीलसुद्धा दिवाळीच्या आधी ओव्हरटाइम मिळावा म्हणून जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मागे असत. पण आठ तासांच्या पगारात घर चालत नाही म्हणून जो बारा तास मागतो, त्याला खरं तर पगार वाढवून हवा असतो. त्याच्या गरजेला त्याची आवड म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तिसरं, स्पर्धा. बांगलादेश, व्हिएतनाम, चीन. हे मी हलकं समजत नाही, कारण छोट्या कारखानदाराची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण त्याला विचारा की त्याचं नुकसान कशात होतं. तो सांगेल: वीज महाग, मोठ्या कंपनीकडून बिलाचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, रस्त्यावर ट्रक अडकतो, कर्जाचं व्याज फार. कामगार नऊच तास थांबतो ही तक्रार त्या यादीत फार खाली असते. वरच्या तक्रारींना हात घालणं कठीण आहे, त्याला पैसा लागतो आणि मोठ्या लोकांना दुखवावं लागतं. तास वाढवायला एक दुरुस्ती पुरते.

सुधारणांच्या बाजूचा एक दोषही सांगायला हवा, तो झाकून चालणार नाही. बायकांचे तास आधी कमी केले, रात्रपाळी त्यांना बंद केली, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू ठामपणे मांडली होती आणि ते योग्यच होतं. पण मालकांनी याच संरक्षणाचं निमित्त करून गिरण्यांतून बायका हळूहळू कमी केल्या. आमच्या पणजीला काढलं ते असंच, आणि मग ती खानावळ चालवू लागली, जिथे तासांना कसलीच मर्यादा नव्हती. यावरून मी एवढंच शिकतो की मर्यादा सगळ्यांना सारखी हवी. एकाला लावली आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं तर काम त्या दुसऱ्याकडे सरकतं. म्हणूनच १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर मजूर खात्याचे मंत्री असताना ४८ तासांचा आठवडा पुरुष-स्त्री असा भेद न करता आला, ही मला त्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आज मोबाइलच्या ॲपवर काम करणारा डिलिव्हरीवाला त्या मर्यादेच्या बाहेर आहे, कारण कागदोपत्री तो कामगारच नाही. सगळं काम आता त्याच्या दिशेने सरकतं आहे.

बारा तासांचा बदल मागे घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. पण तेवढ्यावर थांबून भागणार नाही. १८०२ आणि १८१९ साली इंग्लंडमध्ये कायदे झाले होते आणि ते कागदावरच राहिले. १८३३ च्या कायद्यात नवं होतं ते निरीक्षक: चौघेच, पण गिरणीत शिरून वही तपासायचा अधिकार असलेले. तेव्हाच्या काही गिरण्यांत सकाळी घड्याळ पुढे आणि संध्याकाळी मागे करत, आणि कामगाराने स्वतःचं घड्याळ आणलेलं मालकांना खपत नसे. वेळेची नोंद कुणाकडे आहे यावर सगळं ठरत होतं. आज ती नोंद पंच मशीनमध्ये आणि ॲपच्या सर्व्हरमध्ये आहे, सेकंदापर्यंत अचूक, आणि ती कामगाराला बघता येत नाही. लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतची प्रत्येक नोंद दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीबरोबर कामगाराच्या हातात पडली पाहिजे आणि कामगार खात्याच्या निरीक्षकाला न सांगता येऊन ती तपासता आली पाहिजे. हे करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. नोंद आधीपासूनच आहे.

माझा भाचा भिवंडीकडच्या एका गोदामात पॅकिंगला आहे. आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. गेल्या महिन्यात तो घरी आला तेव्हा त्याने खिशातून चार बोटं रुंदीची एक वही काढून दाखवली. रोज गेटमधून आत गेल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ, पेनाने लिहिलेली, एकाखाली एक. आतलं घड्याळ कुठे आहे विचारलं तर म्हणाला, आत घड्याळ नाहीये मामा, गेटवरच्या वॉचमनला विचारून लिहितो.